दोन अक्षरांची जागा

मुलांनो, वहीत आधी हे लिहून घ्या:
या गाण्यात देश हा शब्द कुठेच नाही.
झेंडा नाही, तलवार नाही, रक्ताचा थेंब नाही.
एक कंदील आहे, राईची भाकरी आहे,
दोन कडव्यांत मिळून एक कुत्रा आहे
आणि शेवटी, आमचा किनारा.
एवढ्यावर लोकांनी त्याला राष्ट्राचं करून टाकलं.

आपल्या हिऊमा बेटाला पूल नव्हता. आजही नाही.
जानेवारीत समुद्र गोठला
की त्याच्यावरूनच वाट पडायची,
पांढऱ्यावर पांढरी,
कडेनं ज्युनिपरच्या फांद्या रोवलेल्या,
घोड्याला कळावं म्हणून.
धुकं उतरलं की फांद्या गेल्या,
घोड्याचे कानसुद्धा गेले.
तेव्हा बायका किनाऱ्यावर उभ्या राहून गायच्या.
गोड नाही, मोठ्यानं.
बर्फावरच्या माणसानं तो आवाज कानात धरायचा
आणि पाय टाकायचा.

ही ओळ इतकी लांब का, ऊकूनं परवा विचारलं.
कारण ती एका दमाची आहे, ऊकू.
ती संपायच्या आत शेजारणीनं छाती भरून ठेवायची.
आवाजात फट पडली
तर माणूस बर्फाच्या फटीत जायचा.

म्हणतात, पहिल्यांदा त्रीनू गायली.
नवरा प्रीडू मीठ आणायला पलीकडे गेलेला.
पहाटेपर्यंत तिच्या घशात
शब्द कुठला, खोकला कुठला, कळेना.
त्या आवाजावर तिघं चालत आले:
एक स्वीडिश सीलशिकारी,
एक रशियन टपालवाला, पिशवीसकट,
आणि एक मुका पोर,
कुणाचा ते शेवटपर्यंत समजलं नाही.
प्रीडू आलाच नाही.
तो संध्याकाळीच दुसऱ्या वाटेनं परतून
शेजाऱ्याच्या सौनात पिऊन घोरत होता.
(हे पाठ्यपुस्तकात नाही.
पुस्तकात तो बुडाला आहे, देशासाठी.)

पुढे पाद्रीबुवांनी गाणं कागदावर घेतलं,
चार आवाज लावले, चाल संथ केली,
उधळत्या वासराला कोट चढवावा तशी.
मग शहर आलं, मैदान आलं,
टोप्या हातात घेऊन उभे हजारो.
बर्फावरून कुणालाच चालायचं नव्हतं,
तरी प्रत्येकाला कुठूनतरी परतायचं होतं.

मग रणगाडे आले, त्यांच्यामागून एक समिती.
तिनं गाण्यावर बंदी नाही घातली, हुशार होती.
'आमचा' खोडून 'लाल' बसवला.
आपल्या भाषेत दोन अक्षरांना दोन अक्षरं,
चालीला ओरखडा नाही.
खाली सही, वर शिक्का.

त्या उन्हाळ्यात दुसऱ्या रांगेत सालमे उभी होती,
मासळीच्या कारखान्यात डबे बंद करणारी,
नखांना खवल्यांचा वास.
कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं.
शब्द आला
आणि चारशे तोंडं मिटली.

पापणी लवेल एवढंच.
एंडेलचा हात हवेत तसाच राहिला, खाली येईना.
मग पुढच्या अक्षरावर सगळे परत गायला लागले,
जणू झालंच नाही काही.

न गायलेल्या दोन अक्षरांचा पंचनामा कसा करतात?
त्यांनी एंडेलला नेलं. हात त्याचा होता.
तिकडेही बर्फ होता म्हणे, भरपूर.
किनारा नव्हता.

आता शब्द परत आलाय, ठळक टाइपात.
मंगळवारच्या तालमीत सगळ्यांनी दणक्यात म्हटला.
सालमे गप्प. नव्वदी ओलांडली आहे तिनं.
मी म्हटलं, आता म्हणता येतं की.
"येतं," ती म्हणाली,
"पण तिथे मला अजून तो हात दिसतो."
मग कोटाची बटणं लावता लावता,
माझ्याकडे न बघता:
"आणि तो टपालवाला, तो कुणाचा होता?"

ऊकू, तुझ्या वहीत मी पाहिलं.
त्या जागी तू विरामाची खूण केली आहेस,
पेन्सिलनं, जरा वाकडी.
मी खोडरबर हातात घेतला होता.
राहू दे.
फक्त तिच्याआधी, सांगितलं तसं,
छाती भरून घे.